क्रूझ आत्ता बुक करू की एप्रिलपर्यंत थांबू?

नाशिकच्या इंदिरानगरहून एका ताईंचं पत्र आलंय. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला येत्या मे महिन्यात 40 वर्षं होतायत आणि सासूबाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून काही मागितलंय, की एकदा मोठ्या जहाजात बसायचंय. घरात सहा जण, हे दोघं, सासू-सासरे, नववीतली मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. सासऱ्यांचं मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सिंगापूरहून निघणारी तीन-चार रात्रींची क्रूझ करायची असं ठरलंय. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, ते म्हणतात आत्ताच बुक करून मोकळं होऊ. पुण्याचे धाकटे दीर म्हणतात मुळीच नको, एप्रिलमध्ये उरलेल्या खोल्या निम्म्या भावात काढतात, त्यांच्या ऑफिसातल्या एकानं तशीच घेतली होती. गणपतीत सगळे जमले तेव्हा जेवताना यावरून चांगलाच वाद झाला, आणि सासूबाई म्हणाल्या एवढी कटकट होणार असेल तर मला कुठंच जायचं नाही. शेवटी लिहिलंय, "ताई, कोण बरोबर आहे ते एकदा सांगा."

ताई, आधी सासूबाईंना सांगा की जायचंय, नक्की जायचंय. आणि मिस्टरांचं ऐका, आत्ताच बुक करा.

पण तुमचे भाऊजी काही हवेतलं बोलत नाहीयेत, त्यांच्या ऑफिसातल्या माणसाला खरंच स्वस्तात मिळालं असणार, तेव्हा ते कसं मिळतं आणि तुम्हाला का मिळणार नाही हे नीट समजून घ्या म्हणजे घरात पुन्हा विषय निघाला की शांतपणे सांगता येईल.

गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात संध्याकाळी उशिरा गेलात तर बघा, सकाळी ज्या कोथिंबिरीच्या जुडीला वीस रुपये सांगत होते तीच दहाला दोन देतात, कारण परत न्यायची तर गाडीभाडं आणि उद्यापर्यंत पिवळी पडणार. जहाजाच्या खोलीचं याहून वाईट आहे. कोथिंबीर निदान एक रात्र ओल्या फडक्यात तरी राहते, खोली मात्र जहाज धक्क्यावरून सुटलं की गेली, तिचे पैसे परत कधीच येत नाहीत. शिवाय जहाजवाल्यांची कमाई नुसती भाड्यावर नसते, माणूस आत आला की ड्रिंक्स, वायफाय, वेगळं पैसे देऊन जेवायची रेस्टॉरंट, बंदरावरच्या सहली, फोटो, कॅसिनो, अशा शंभर ठिकाणी तो खर्च करतो. म्हणून रिकामी खोली ठेवण्यापेक्षा कमी भाड्यात का होईना कुणीतरी आत यावं असं त्यांना वाटतं, आणि शेवटच्या काही आठवड्यांत भाव पडतात ते यामुळं.

आता ही जी सवय आहे ना शेवटी थांबून घ्यायची, ती मुळात अमेरिकेतली. तिकडं फ्लोरिडात मायामी आणि फोर्ट लॉडरडेल अशी मोठी क्रूझची बंदरं आहेत, तिथं आसपास रिटायर झालेली पुष्कळ माणसं राहतात, त्यांना ना रजा मागायची ना विमान पकडायचं ना व्हिसा काढायचा, स्वस्त दिसलं की बॅग भरायची, गाडी काढायची आणि तासाभरात बंदरावर. त्यांना कुठली खोली मिळाली, कुठल्या आठवड्यात मिळाली, काही फरक पडत नाही. इंटरनेटवर हे सगळे सल्ले त्यांच्याकडून आलेले असतात आणि आपण ते नाशिकमध्ये बसून वाचतो.

तुमच्याकडं बघा. मुलगी मे मध्ये दहावीत जाणार, म्हणजे तिचे सुट्टीतले क्लास एप्रिलपासूनच सुरू होणार आणि मधे जी काय आठ-दहा दिवसांची फट मिळेल तीच तुमची. मिस्टरांना रजा आधी टाकावी लागणार. सासऱ्यांचा गुडघा. एवढं सगळं पक्कं असताना तारीख हलवायची सोय तुमच्याकडं नाहीचे, आणि तारीख हलवता येत नाही त्याला शेवटच्या क्षणाचा भाव हा मिळाला तर मिळाला असा प्रकार होतो.

पण सगळ्यात मोठी अडचण तारखेची पण नाहीये, खोलीची आहे. भाऊजींच्या ऑफिसातला माणूस बहुतेक बायकोबरोबर दोघंच गेला असेल, हे विचारून बघा एकदा. जहाजावरच्या बहुतेक खोल्या दोन माणसांच्या असतात आणि जाहिरातीत जो भाव दिसतो तोही दोघांत एक खोली धरून एका माणसाचा असतो. तीन किंवा चार माणसं झोपू शकतील अशा खोल्या, म्हणजे ज्यात सोफ्याचा बेड होतो किंवा वरून छतातून बर्थ खाली येतो, त्या मोजक्या असतात आणि सुट्टीच्या दिवसांत मुलंवाली कुटुंबं त्याच आधी उचलतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं कमी लागतं ना, म्हणून. तुम्ही कधी वाचलं असेल की अमुक कंपनीची जहाजं 100 टक्क्यांच्या वर भरली, तर ते असंच, हिशोब खोलीमागं दोन माणसं असा धरतात आणि आत तीन-चार असले की आकडा शंभराच्या वर जातो. शेवटी जे उरतं ते एक तर बिनखिडकीच्या आतल्या दोन माणसांच्या खोल्या, नाही तर सूट म्हणजे खूप महाग, ऐसपैस खोल्या. तुम्हाला सहा जणांना मग तीन खोल्या घ्याव्या लागतील, त्याही तीन वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि सात वर्षांच्या मुलाचं सुद्धा पूर्ण भाडं पडेल कारण तो मग खोलीतला दुसरा माणूस झाला. भाव निम्म्यावर आला तरी वाटतं तेवढे पैसे वाचत नाहीत.

आणि शेवटच्या क्षणी स्वस्त देतात ती बऱ्याचदा गॅरंटी केबिन असते. नाव चांगलंय पण गॅरंटी फक्त एवढीच की तुम्हाला त्या प्रकारातली एक खोली मिळेल, कुठली ते कंपनी ठरवणार. पुढच्या टोकाला मिळेल, जिथं जहाज सगळ्यात जास्त वरखाली होतं, नाही तर डिस्कोच्या खाली मिळेल.

यातून मी गेलेय म्हणून इतक्या कळकळीनं सांगतेय. काही वर्षांपूर्वी मी, माझी बहीण आणि आई असे तिघी सिंगापूरहूनच गेलो होतो. आम्ही पण थांबलो होतो, निघायच्या तीन आठवडे आधी घेतलं आणि भाड्यात माणशी साधारण अकरा हजार वाचले म्हणून खूश होतो. मग विमानाचं तिकीट काढायला बसलो तर ते दोन महिन्यांपूर्वी बघितलं होतं त्याच्यापेक्षा माणशी चौदा हजारांनी वर गेलेलं. तीन माणसांची खोली शिल्लक नव्हती, म्हणून दोन खोल्या घेतल्या, आई एकटीच एका खोलीत, आमच्यापासून दोन मजले खाली, आणि एकटीला खोली घेतली म्हणून तिचं भाडं जवळजवळ दोघांचं. जहाजावरचे कॉरिडॉर तुम्ही बघितले नसतील, लांबच्या लांब, दोन्ही बाजूला एकसारखी दारं, एकसारखं कार्पेट, खिडकी नाही, त्यामुळं पुढं कुठलं आणि मागं कुठलं तेच कळत नाही. आईला नंबर वाचायला चष्मा लागतो. तिनं पहिल्याच दिवशी स्वतःच्या दाराच्या हँडलला रुमाल बांधून ठेवला, निळ्या काठाचा, ओळखू यावा म्हणून. दुपारी खोली आवरणाऱ्या मुलानं तो सोडला आणि छान घडी करून आत उशीवर ठेवला. रात्री जेवून आम्ही तिला लिफ्टपर्यंत सोडलं आणि वर आलो, आणि ती त्या कॉरिडॉरमध्ये रुमाल शोधत पाऊण तास फिरत होती. फोन करायला जहाजात आपलं नेटवर्क नाही. एका मलेशियन बाईंनी तिला रिसेप्शनवर नेलं तेव्हा आम्हाला कळलं. आई काही बोलली नाही, पण उरलेले दोन दिवस ती आमच्याशिवाय खोलीबाहेर पडली नाही. तिला तो समुद्र दाखवायला नेलं होतं हो आम्ही.

म्हणून माझं सांगणं असंय की खोल्या दोन घ्या, प्रत्येकी तीन माणसांच्या, शेजारी-शेजारी. आणि वाटणी अशी करा की सासू-सासऱ्यांबरोबर तुमची मुलगी झोपेल, तुमच्या दोघांत धाकटा. चौदा वर्षांच्या मुलीला दाराचं कार्ड, लिफ्ट, जहाजाचं अॅप हे सगळं आपल्याआधी कळतं, आजी-आजोबांना ती हाताला धरून नेईल. धाकट्याला तर वरून खाली येणारा बर्थ मिळाला की त्याची ट्रिप तिथंच वसूल. खोली लिफ्टपासून जवळ मागा, पण अगदी लिफ्टच्या समोरची नको, तिथं रात्रभर वर्दळ असते. आणि जहाजाच्या लांबीच्या मधोमध, जमेल तेवढ्या खालच्या मजल्यावर, कारण तिथं हलणं सगळ्यात कमी जाणवतं. खोलीच्या वर आणि खाली पण खोल्याच आहेत ना हे डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर बघा, वर स्वयंपाकघर किंवा पूल नको, पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. हे सगळं मागता येतं ते आत्ता, आठ महिने आधी, जेव्हा जहाज अर्धं रिकामं असतं.

सासऱ्यांच्या गुडघ्यावरून अजून एक. कुठल्या बंदराला जाणारी क्रूझ आहे ते बघून घ्या. मलेशियातल्या पेनांग आणि पोर्ट क्लांगला जहाज सरळ धक्क्याला लागतं, जिन्या-रॅम्पवरून चालत उतरायचं. थायलंडमधल्या फुकेतला मोठी जहाजं बहुतेक वेळा पातोंगच्या किनाऱ्यासमोर समुद्रात नांगर टाकून उभी राहतात आणि माणसांना छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडरिंग म्हणतात. ती छोटी बोट लाटेवर वरखाली होत असते आणि त्यात नेमक्या क्षणी पाय टाकायचा असतो, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला ते नको. भाव थोडा कमी दिसला म्हणून फुकेतची घेऊ नका, मलेशियाची घ्या.

मे चं एक चांगलंय. सिंगापूरच्या शाळांची मधली मोठी सुट्टी साधारण जूनभर असते आणि वर्षाची सगळ्यात मोठी नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर. तेव्हा तिकडची कुटुंबं जहाजं भरून टाकतात. तुमची फट मे च्या मध्यात येतेय, तिथल्या सुट्टीच्या आधी, त्यामुळं एका आठवड्यानं सुद्धा भावात फरक पडू शकतो, तारखा बघताना मे चा शेवटचा आठवडा शक्यतो टाळा. मात्र आपल्याकडचे टूरवाले मे मध्येच सगळ्यात जास्त माणसं तिकडं नेतात, म्हणजे जहाज रिकामं राहील आणि एप्रिलमध्ये भाव पडेल या आशेवर बसण्यासारखा तो महिना नाही. आणि कंपन्या पण आता शहाण्या झाल्यात, रॉयल कॅरिबियननं तर 2015 मध्येच जाहीर केलं होतं की शेवटच्या दिवसांत भाव पाडून खोल्या विकणार नाही, कारण आधी पैसे भरलेल्या माणसाला मग मूर्ख बनल्यासारखं वाटतं. त्यांचं बरोबरच आहे.

आता भाऊजींच्या मनातली जी खरी भीती आहे, की आत्ता घेतलं आणि नंतर भाव उतरला तर, त्याचं उत्तर आहे. परदेशी क्रूझला बुकिंग करताना सगळे पैसे लागत नाहीत, डिपॉझिट भरायचं असतं आणि उरलेली रक्कम निघायच्या साधारण दोन ते तीन महिने आधी, नेमकी तारीख तुमच्या बुकिंगवर लिहिलेली असते. पहिला प्रश्न एजंटला हा विचारा की हे डिपॉझिट रिफंडेबल आहे का. दोन्ही प्रकार असतात आणि परत न मिळणारं थोडं स्वस्त असतं, तुम्ही परत मिळणारंच घ्या, घरात वडीलधारी माणसं आहेत आणि आठ महिन्यांत काहीही होऊ शकतं. दुसरा प्रश्न, शेवटचा हप्ता भरायच्या आधी भाव उतरला तर तुम्ही मला नव्या भावात करून द्याल का. बऱ्याच कंपन्या देतात, पण स्वतःहून कुणी फोन करून सांगत नाही, आपल्याला लक्ष ठेवावं लागतं. आणि एजंट आपल्याकडचा असला तर तो मधे काही चार्ज लावतो का तेही आत्ताच विचारून घ्या, तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जिथं दुधाचा हिशोब लिहिता ना, तिथंच ती शेवटच्या हप्त्याची तारीख लाल पेनानं लिहा आणि तिच्या दहा दिवस आधी अजून एक खूण करा. त्या दहा दिवसांत रोज एकदा भाव बघायचा. ज्यांना पैसे भरायचे नसतात ते याच सुमारास बुकिंग सोडतात, खोल्या परत विक्रीला येतात आणि भाव खालीवर होतो. हे काम भाऊजींना द्या, त्यांना त्यात रस पण आहे आणि वाद पण मिटेल. भाव उतरला तर त्यांच्यामुळं पैसे वाचले असं सगळ्यांसमोर म्हणा.

भाव बघताना मात्र पूर्ण आकडा बघायचा. जाहिरातीत खोलीचं भाडं असतं, त्यावर पोर्ट चार्जेस, टॅक्स आणि ग्रॅच्युइटी म्हणजे जहाजावरच्या नोकरांची टिप, ती बऱ्याच ठिकाणी माणशी रोजच्या हिशोबानं लागतेच. लहान मुलं फ्री असं लिहिलेलं असतं तेव्हा फ्री असतं ते भाडं, पोर्ट चार्जेस आणि टॅक्स मुलालाही भरावेच लागतात. दोन ऑफरची तुलना करताना सहा जणांचा सगळं धरून शेवटचा आकडा मागा आणि तोच ताडून बघा. परदेशातलं टूर पॅकेज इथल्या एजंटकडून घेतलं की वर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतलेला टॅक्स पण कापतात, तो खर्च नाही, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण ज्याच्या पॅनवर बुकिंग त्यालाच मिळतो. तेव्हा सासऱ्यांच्या नावानं हौसेनं बुकिंग करू नका, ते रिटर्न भरत नसतील तर उगाच अडकेल, मिस्टरांच्या पॅनवर करा.

विमानाची तिकिटं क्रूझ कन्फर्म झाली की लगेच. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास आहे आणि रात्रीची विमानं बरीच असतात, पण सकाळी उतरून त्याच दुपारी जहाजात चढायचं असा बेत करू नका, एक दिवस आधी पोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही आणि गेट निघायच्या बरंच आधी बंद करतात. व्हिसा सिंगापूरचा लागेल, आणि जहाज तिथून निघून तिथंच परत येतं म्हणजे सिंगापूरमध्ये दोनदा शिरणार, तेव्हा तो मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना बघून घ्या. हे सगळं तीन आठवड्यांत सहा जणांचं करायचं म्हणजे घरात कुणी जेवणार नाही.

प्रवासाचा विमा काढा, आणि सासऱ्यांचं ऑपरेशन, बीपी, शुगर जे असेल ते फॉर्मवर लिहा. लपवलं की हप्ता थोडा कमी बसतो आणि वेळ आली की क्लेम नाकारतात.

मधल्या काळात तुम्हाला फोनवर 'आज रात्री बारापर्यंतच' असले मेसेज येतील, एकदा सर्च केलं की ते मागंच लागतात. कुणाच्याही पर्सनल यूपीआयवर पैसे टाकायचे नाहीत. डिपॉझिट भरलं की जहाज कंपनीचा बुकिंग नंबर मागायचा, एजंटचा स्वतःचा नाही, आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर किंवा कस्टमर केअरला टाकून तुमची सहाही नावं तिथं दिसतायत का बघायचं. नाव दिसलं की मगच झोपा.

राहता राहिला शेवटच्या क्षणाचा भाव, तर तो घ्यायचा असेल तर त्याची जागा वेगळी आहे आणि ती आपल्या नाशिककरांच्या अगदी हाताशी आहे. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा क्रूझ 2021 पासून कॉर्डेलिया ही कंपनी चालवते, त्यांचं एम्प्रेस हे जहाज 1990 सालचं आहे, आजच्या मानानं लहान, बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच, पण दोन रात्री समुद्रावर काढायला पुष्कळ. आधार कार्डावर काम होतं, व्हिसा नाही, विमान नाही. सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडली की अकराच्या आत सीएसएमटी, तिथून जहाजाचा धक्का म्हणजे बॅलार्ड पिअर टॅक्सीनं जेमतेम दहा मिनिटं. म्हणजे फ्लोरिडातल्या त्या रिटायर माणसांसारखंच झालं की हे, विमानाचा खर्चच नाही. गंगापूर रोडला आमच्या ओळखीचं एक जोडपं आहे, दोघंही शिक्षक होते, ते जानेवारीत सोमवारी निघणारी फेरी बघतात, शुक्रवारची कधीच नाही कारण शनिवार-रविवारला मुंबईची गर्दी असते, आणि चार-पाच दिवस आधी भाव बरा दिसला तर निघतात, नाही दिसला तर नाही जात. नाही जात हे महत्त्वाचंय, त्यांचं काही अडत नाही. दिवाळी, नाताळ, 31 डिसेंबर असल्या दिवसांना मात्र तिथंही काही स्वस्त मिळत नाही. आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो तेव्हा ते जहाज सहसा मुंबईहून निघत नाही, बहुतेक चेन्नईकडं नेतात. मधे कसारा घाटात गाडी रखडू शकते, म्हणून ते दोघं आदल्या दिवशीच ठाण्याला मुलीकडं जाऊन राहतात, वयस्कर माणसांनी तेच करावं.

तर ताई, तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघंच कधीतरी दोन दिवस मोकळे झालात, मुलं आजी-आजोबांकडं ठेवून, तर तेव्हा थांबून घ्या, भाऊजींनाच बघायला सांगा. दहा-बारा वर्षांत तुम्ही दोघं एकटे कुठं गेला नाहीत असं पत्रात एका ओळीत लिहून तुम्ही पुढं गेलात, मी मात्र ती ओळ वाचून थांबले होते.

पण मे चं आत्ता. आणि एजंटकडं जायच्या आधी आज रात्रीच कपाटातून सहाही पासपोर्ट काढून जेवणाच्या टेबलावर मांडा. प्रवास संपायच्या तारखेपासून पुढं निदान सहा महिने मुदत उरते का ते प्रत्येकाचं बघा, लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, धाकट्याचा बाळ असताना काढला असेल तर संपला असणार. सासूबाईंचं नाव आधारवर कसं आहे आणि पासपोर्टवर कसं आहे तेही बघा, आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बायकांची नावं प्रत्येक कागदावर वेगळी असतात, कुठं माहेरचं, कुठं सासरचं, कुठं नवऱ्याचं नाव मधे नाहीच. क्रूझचं आणि विमानाचं बुकिंग पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षर न अक्षर करायचं. त्यांचा पासपोर्ट अजून काढलेलाच नसेल, तर या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या आणि फोटो-सह्यांना त्यांना तुम्ही स्वतः घेऊन जा. रांगेत बसल्या बसल्या त्यांना जहाजाचा व्हिडिओ दाखवा.